आईच्या तळपायांची जळजळ, विस्मरण आणि शाकाहार

प्रश्न: माझ्या आईचे वय ७२ असून ती आजन्म शाकाहारी आहे आणि मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत आहे. तिच्या तळपायांची जळजळ थांबत नाही आणि अलीकडे विस्मरणही वाढले आहे. या दोन्हींचा आहाराशी संबंध असू शकतो का?

उत्तर १: निश्चितच असू शकतो. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसते आणि मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण आणखी घटते. ते कमी पडले की मज्जातंतूंवरील आवरणाची हानी होते आणि त्यातून जळजळ, मुंग्या व विस्मरण उद्भवू शकते. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांत ते कमी आढळले होते. कृपया रक्ततपासणी लवकर करून घ्या, कारण उशीर झाल्यास हानी पूर्ण भरून येईलच असे नाही.

उत्तर २: दूध-दही जरूर द्यावे, परंतु उतारवयात अनेकांच्या जठरातील आम्ल कमी झाल्याने अन्नातील ब-१२ नीट सुटे होत नाही, म्हणून कमतरता आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावी लागतात. केवळ फॉलिक ॲसिड मात्र सुरू करू नये. त्याने रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

उत्तर ३: मधुमेहामुळेही अशीच जळजळ होते, तेव्हा साखर आणि थायरॉइडही तपासून घ्यावे.