शागीर्द : शिष्य की स्वयंपाकघरातला गडी?

नारायणपेठी : पेशवाईतल्या कागदांत वाड्यावरच्या नोकरमंडळींना ‘शागीर्दपेशा’ म्हटलेलं सापडतं. आज शागीर्द म्हटलं की उस्तादामागे तंबोरा धरून बसलेला आठवतो. माझ्या मते दोन्ही एकच. मुदपाकखान्यात, म्हणजे वाड्याच्या स्वयंपाकघरात, पोरगं आधी पाणी भरणार, भाज्या चिरणार आणि आचाऱ्याच्या हाताखाली तयार होणार. म्हणजे शब्द हलका नाही, उमेदवारीचा आहे.

कोशकीडा : गोष्ट छान रचलीत, पण शब्द तसा आलेला नाही. फारसीतच ‘शागिर्द’चे अर्थ शिष्य, उमेदवार आणि चाकर असे तिन्ही आहेत, पेशा म्हणजे धंदा. हा जोडशब्द मोगली दरबारात रुळलेला होता, आपल्याला आयता मिळाला. शिवाय त्यात फक्त चुलीपाशी राबणारे नाहीत, बिछायत घालणारे फरास आणि मशाल धरणारे मशालजीही येतात. मशालजी कोणाच्या हाताखाली फोडणी शिकत होता?

नारायणपेठी : आयता मिळाला, कबूल. पण फारसीत तरी शिष्याचा चाकर कसा झाला? गुरूकडे पाणी भरूनच ना!

पर्वतीची पायरी : तुम्ही दोघंही शब्दाला सोवळं नेसवताय. ‘मुदपाक’च घ्या. मूळ अरबी ‘मत्बख’, म्हणजे स्वयंपाकघर. आपल्या लोकांनी त्यात ‘पाक’ ऐकला आणि शब्द संस्कृत वाटू लागला. शागीर्दाला शिष्य करणं त्यातलंच. वाड्यात चुलीपाशी सोवळ्यातले ब्राह्मण आचारी आणि पाणके. दळण-कांडण, शेणगोठा कुणबिणींकडे, म्हणजे दासींकडे. त्या विकत घेतलेल्या असत, आणि राबल्या म्हणून त्यांना कोणी उमेदवार म्हटलं नाही.

कोशकीडा : कुणबिणींचं खरं आहे, पण त्याने व्युत्पत्ती ठरत नाही. धागा शागीर्दावर आहे.

पर्वतीची पायरी : धागा ‘शब्द हलका नाही’ या वाक्यावर आहे. वर जाऊन वाचा.

कसब्यातला : नारायणपेठींच्या बाजूने अर्धं मत. पुण्यातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात मागच्या दाराने जा. मोठा आचारी नव्या पोऱ्याला आधी कांदेच चिरायला बसवतो, जिलबीच्या कढईजवळ फिरकू देत नाही. शिकणं आणि राबणं तिथे वेगळं काढता येत नाही.

पर्वतीची पायरी : गेले आहे मागच्या दाराने. तिथे पन्नाशी उलटलेल्या माणसालाही ‘ए पोऱ्या’ अशीच हाक मारतात.