मदत हवी आहे : गाडी वॉबल मारतेय, पुण्यात स्टीअरिंग स्टॅबिलायझर कोण नीट बसवून देईल?

कात्रजकर
हँडल अचानक डावी-उजवीकडे फडफडतं, अगदी हातातून सुटेल असं वाटतं. मागे बसून बायको ओरडली परवा. नाना पेठेत चौकशी केली, एक जण युनिव्हर्सल क्लॅम्प लावून कुठलाही डॅम्पर (म्हणजे स्टॅबिलायझरच) बसवतो म्हणाला. शनिवारी साताऱ्याला जायचंय. कुठला घेऊ आणि कोणाकडून बसवू एवढंच सांगा, प्लीज लवकर.

ग्रीसगन
गाडी कुठली? किती स्पीडला होतं, गती वाढवताना की कमी होताना? टायर कधीचे?

घाटवेडा
डॅम्पर घ्याच. मी लावलाय, खंबाटकी उतरताना हँडल दगडासारखं स्थिर असतं. फक्त ॲडजस्ट होणारा घ्या.

कात्रजकर
साडेतीनशे सीसी, स्पोकवाली. टायर चांगले आहेत.

ग्रीसगन
स्पीड?

कात्रजकर
८० वरून थ्रॉटल सोडला की ६०-६५ ला सुरू होतं. एक हात काढला की जास्तच. मागे टॉपबॉक्स आहे, भरलेला. पण तो आधीही होता!

एरंडवणे_४
वडिलांच्या स्कूटरला आम्ही मागे दोन्ही बाजूंना आधाराची चाकं बसवून घेतली. तोल जायची भीती गेली. आरसी बुकावर बदलाची नोंद मात्र आरटीओतून करून घ्या, नाहीतर इन्शुरन्सला अडतं.

कात्रजकर
काका, तसलं नाही. हँडलचा डॅम्पर.

ग्रीसगन
आता ऐका. थ्रॉटल सोडल्यावर ६० च्या आसपास हँडल थरथरतंय म्हणजे पहिला संशय कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग), दुसरा पुढच्या टायरवर. गाडी डबल स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागून दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. फोर्कचे पाय (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या) खालून धरून पुढे-मागे हलवा. टकटक लागली तर कोनसेट ढिला. मग दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा. बरोबर मधोमध खट्ट अडकलं, तर गोळ्यांनी कोनसेटच्या वाटीत खाचा पाडल्यात. टाइट करून त्या जात नाहीत, सेटच बदलावा लागतो. डॅम्पर म्हणजे तेलातून सरकणारा दट्ट्या. हँडल हळू वळवलं तर वाट देतो, झटक्याला अडवतो. खाच तशीच ठेवून लावलात तर थरथर दबेल आणि कोनसेट आतून आणखी खराब होत राहील.

घाटवेडा
मग कंपन्या कशाला देतात? कावासाकीच्या झेडएक्स-१०आरला ओहलिन्सचा इलेक्ट्रॉनिक डॅम्पर येतो. ते काय वेडे आहेत?

ग्रीसगन
ती सुपरबाइक आहे, जोरात पिळली की पुढचं चाक हलकं होतं. तिथे डॅम्पर हवाच. साडेतीनशेची गाडी ६० ला हलते तेव्हा काहीतरी झिजलेलं असतं. आणि डॅम्पर जास्त कसला तर लक्ष्मी रोडच्या गर्दीत हँडल जड होऊन गाडी नागमोडी जाते. युनिव्हर्सल क्लॅम्पवाल्याकडे तर जाऊच नका. दट्ट्याची लांबी चुकली की हँडल पूर्ण वळायच्या आधीच अडतं.

जुनी_बुलेट
जुन्या ब्रिटिश गाड्यांना हँडलच्या मधोमध गोल नॉब असायचा, पिळला की घर्षणाने हँडल घट्ट. साइडकार लावली की लोक तो हमखास वापरत. ग्रीसगन, फोर्क ब्रेसबद्दल पण सांगा. दोन्ही पाय एकत्र बांधले की पीळ कमी होतो.

घाटवेडा
आणि कात्रज-नवले पुलापर्यंतच्या रस्त्याबद्दल कोणी का बोलत नाही? एवढे सांधे आणि खड्डे असतील तर कोनसेट किती टिकणार? दर पावसाळ्यानंतर हेच.

जुनी_बुलेट
रस्त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन तिथे.

कात्रजकर
करून बघितलं. टकटक नाही. पण मधोमध खट्ट अडकतंय, स्पष्ट. आणि पुढच्या टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने ठोकळ्यांच्या कडा लागतात. कोनसेट शनिवारच्या आत होईल का?

ग्रीसगन
अर्ध्या दिवसाचं काम. गोळ्यांऐवजी टेपर रोलरचा (निमुळत्या रुळांचा) सेट मिळाला तर तो घाला, जास्त टिकतो. बसवल्यावर थोडी गाडी चालली की एकदा पुन्हा कसून घ्या, आणि अति कसू देऊ नका. स्पोक आणि चाकांची लाइन त्याच वेळी बघायला सांगा. टॉपबॉक्स काढा, मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबणारं ओझं पुढचं चाक हलकं करतं. वाटेत सुरू झालंच तर पुढचा ब्रेक दाबू नका, हँडल आवळू नका. अंग पुढे घ्या, थ्रॉटल हळू सोडा. आणि हात सोडून टेस्ट करणं आजपासून बंद.

कात्रजकर
शुक्रवारी सकाळची वेळ मिळाली, टेपर रोलर सांगितलाय. टॉपबॉक्स घरी ठेवतो. टायरचं साताऱ्याहून आल्यावर बघू.

ग्रीसगन
टायरही शुक्रवारीच बदला, ठोकळ्यांच्या कडा लागतात म्हणजे तो वाकडा झिजलाय. तो तसाच ठेवलात तर थोडी थरथर राहील, आणि तुम्ही परत नाना पेठेत डॅम्पर घ्यायला जाल.