स्विस-जपानी वाद आणि पोझिशनचा फरक

ऑटोमॅटिक घड्याळांच्या यंत्रांबद्दलचं ‘स्विस म्हणजे अचूक, जपानी म्हणजे कामचलाऊ’ हे मत मला अजिबात पटत नाही. स्विस सेलिटा एसडब्ल्यू २०० आणि जपानी मियोटा ९०१५ ही दोन्ही यंत्रं तासाला २८,८०० ठोके देतात, पॉवर रिझर्व्हही (पूर्ण किल्लीवर चालण्याचा वेळ) ४० तासांच्या आसपासच. मियोटाचा रोटर (मनगटाच्या हालचालीने फिरणारं वजन) एकाच दिशेने किल्ली भरतो, उलट दिशेला मोकळा गरगरतो आणि ते मनगटावर जाणवतं, एवढं खरं.

सेइकोचं एनएच ३५ मात्र २१,६०० ठोक्यांचं. कंपनीच दिवसाला −२० ते +४० सेकंदांची मुभा ठेवते, पण ती बाहेरची मर्यादा झाली. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घड्याळवाल्या काकांनी माझं एनएच ३५ चं घड्याळ टाइमग्राफरवर (चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवलं: डायल वर असताना दिवसाला +१२ सेकंद, क्राउन (किल्लीचं बटण) खाली केल्यावर −४. बॅलन्सजवळचा (झोके घेणाऱ्या चाकाजवळचा) चाल जुळवणारा रेग्युलेटर त्यांनी केसभर सरकवला. आता रोजच्या वापरात पाच सेकंदांच्या आत चालतं. दोन पोझिशनमधली तफावत मात्र रेग्युलेटरने जात नाही. तुलना करायचीच तर त्या तफावतीची करा.

पॉवरमॅटिक ८० या स्विस यंत्राचे पॉवर रिझर्व्हचे ८० तास मोहक आहेत, शुक्रवारी संध्याकाळी काढलेलं घड्याळ सोमवारी सकाळी चालूच असतं. पण त्यासाठी ठोके २१,६०० वर आणलेत, आणि नेहमीचा रेग्युलेटरही नाही, त्यामुळे साध्या दुकानात वेळ जुळवून मिळणं अवघड. दुरुस्ती ठाण्यातच करायची असेल तर मी डोळे झाकून एनएच ३५ किंवा सेलिटा घेईन.