विषय: उत्तर: नोंदणीचा फॉर्म अडकलाय, रेजेक्सवाले कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,
होस्टिंगवाल्यांनी साइट पीएचपी (ती ज्या भाषेत लिहिलीय ती) ८ वर नेली आणि गणपतीच्या नोंदणीचा फॉर्म बंद पडला. जुन्या कोडमध्ये ईरेग (मजकूर पॅटर्नशी, म्हणजे रेजेक्सशी, जुळवून बघणारं फंक्शन) होतं, ते सगळीकडे बदलून त्याच कामाचं प्रेग_मॅच केलं तर आता फोन नंबरच्या ओळीवर 'अननोन मॉडिफायर +' येतंय. पॅटर्न इतका साधा, [०-९]+ (एक किंवा जास्त अंक), ह्यात मॉडिफायर (पॅटर्नच्या शेवटी जोडायची जादा सूचना) कुठून आला? शनिवारी नोंदणी उघडायचीय, कुणीतरी प्लीज बघा.

---

ताई,
पॅटर्न बरोबर आहे, त्याला डिलिमिटर (पॅटर्न कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दाखवणारं चिन्ह) नाहीये एवढंच. ईरेगला तो लागायचाच नाही (पीएचपी ७ मध्ये ते काढूनच टाकलं), प्रेग मात्र पहिलं चिन्ह दिसलं की तोच डिलिमिटर धरतं आणि कंसही चालतात, म्हणून तुमचा [ झाला सुरुवात, ] झाला शेवट आणि पुढचं + त्याने मॉडिफायर म्हणून वाचलं. ~[०-९]+~ करा.

पण मला खरी काळजी पावतीची आहे. तिथे सभासद क्रमांकाला ([०-९]+) असेल तर पॅटर्नबद्दल काही तक्रारच येणार नाही, कारण गोल कंस डिलिमिटर म्हणून खर्ची पडतात, मॅच होतं पण ग्रुप (कंसामुळे वेगळा हाती येणारा भाग) उरत नाही, आणि पावतीवर क्रमांक कोरा. हे आधी तपासा.

चिन्ह कुठलं म्हणाल तर सवयीने सगळे / घेतात, पण फोटो गॅलरीत पाथ आहेत, त्यांतल्या प्रत्येक / च्या आधी \ द्यावा लागतो, मग /\/फोटो\/२०१९\/गणपती\// असं होतं, डोळे फिरतात. ~/फोटो/२०१९/गणपती/~ किती स्वच्छ दिसतं बघा. # पण चांगलं, फक्त एक्स मॉडिफायर (त्याने पॅटर्नमध्ये # पुढे कॉमेंट लिहिता येते) लावून आत कॉमेंट लिहायला गेलात की कॉमेंटच्या # वरच पॅटर्न संपतो. | नको, तो 'किंवा'साठी लागतो. आणि शोधाच्या चौकटीत लोक टाइप करतात ते पॅटर्नमध्ये जातं ना, तिथे प्रेग_कोटला (खास चिन्हांना साधं अक्षर करून टाकणारं फंक्शन) दुसरा पॅरामीटर '~' द्याच, नाहीतर तो ~ ला हात लावत नाही आणि कुणी ते चिन्ह टाइप केलं की शोध बंद.

---

दादा, पावतीत अगदी तेच होतं! चाचणीची पावती काढली, क्रमांक आला. गोल कंसाने सुरू होणारे अजून सहा पॅटर्न सापडले, तेही ~ मध्ये घातले. प्रेग_कोट आज रात्री करते.