पुनर्विकास: बिल्डर नगरसेवकांचे मेव्हणे निघाले. सभेआधी काय विचारू?

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

आमची सोसायटी सेंट्रल लाइनवर, घाटकोपरच्या पुढे. स्टेशन मुद्दाम लिहीत नाही. चार मजले, ३२ बिऱ्हाडं, पन्नाशी उलटलेली इमारत. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा पोपडा पडला. बेल वाजली म्हणून त्या दाराशी गेल्या होत्या, नाहीतर डोक्यातच पडायचा. तेव्हापासून पुनर्विकास हवा यावर कुणाचंच दुमत नाही. माझंही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला 'आडवा पडणारा' ठरवून झालंय.

तीन निविदा आल्या. त्यातल्या एकीकडे अध्यक्षांचा कल पहिल्या दिवसापासून होता. भाडं ठीक, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी, बरा, पण जागा तिघांत सर्वांत कमी. मग एवढं प्रेम कशाला, म्हणून मी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर त्या बिल्डरच्या एलएलपीचं, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेचं, नाव टाकलं. दोन भागीदार. त्यातलं एक नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. आठवलं: गणपतीत मंडपाच्या बॅनरवर दरवर्षी असतं. आमच्या नगरसेवकांचे सख्खे मेव्हणे! आणि नोंदणीकृत पत्ता? पाणी आलं नाही की आम्ही ज्या जनसंपर्क कार्यालयात तक्रार घेऊन जातो, तोच गाळा.

अध्यक्षांना विचारलं. ते स्वतः नगरसेवकांच्या पक्षाचे वॉर्डातले पदाधिकारी. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही त्यांनी. म्हणाले, "अहो, उलट बरंच आहे की. पालिकेत फाइल अडणार नाही." पेपरात याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात, आमच्याकडे ही जाहिरात आहे. आणि खरं सांगू का, निम्मे सभासद या जाहिरातीवर खूश आहेत. फाइल अडली की काय होतं ते प्रत्येकाने शेजारच्या इमारतीत पाहिलंय. नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढली त्या लोकांनी.

मला खटकतंय ते वेगळंच. आमच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-२ए आली होती, म्हणजे थोडा भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. नंतर नगरसेवकांनी वॉर्ड ऑफिसला पत्र दिलं म्हणे. अभियंते पाहणी करून गेले आणि आता सी-१ ची भाषा सुरू झालीय. सी-१ म्हणजे इमारत खाली करा. हातात कागद काहीच नाही, सगळं तोंडी. पण घाबरलेली माणसं सही लवकर करतात, हे मला कळतं.

विशेष सर्वसाधारण सभा १९ दिवसांवर आहे. मेव्हणा असणं हा गुन्हा आहे का? नगरसेवकपदाला यात काही बाधा येते का? की नुसता संशय घेऊन मी म्हातारपणी वैर ओढवून घेतोय? घरातूनही 'तुम्ही गप्प बसा' चालू आहे, कारण माझा भाचा नगरसेवकांच्या त्याच जनसंपर्क कार्यालयात कॉम्प्युटरवर बसतो. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. आधी वकील गाठा एवढंच लिहू नका, तो गाठतोच आहे.

प्रतिसाद १

आमचंही घर आमदारांच्या भावाने बांधलं. बाल्कनी कागदावर आहे. शुभेच्छा.

प्रतिसाद २

काका, मेव्हणा असणं गुन्हा नाही आणि तिथेच सगळी मेख आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १६ प्रमाणे नगरसेवकाचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदाराचा पालिकेशी केलेल्या कंत्राटात हिस्सा असेल तर तो अपात्र ठरू शकतो. तुमचा करार पालिकेशी नाही, सोसायटीशी आहे. म्हणजे त्या दारावर डोकं आपटू नका.

तुमचं दार ७९अ आहे, म्हणजे सहकारी संस्था कायद्याचं कलम, ज्याखाली पुनर्विकासाचे नियम येतात. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे समितीचा सदस्य किंवा पदाधिकारी स्वतः विकासक नसावा, विकासकाचा नातेवाईकही नसावा. नगरसेवक तुमच्या समितीत नाहीत, म्हणून तेही सुटतात. पण समितीतल्या प्रत्येकाकडून 'माझं या एलएलपीशी नातं किंवा व्यवहार नाही' असं लेखी मागायला कोण अडवतंय? एखादा कचरला तर सभेला तेवढं पुरेसं आहे. सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती लागते, म्हणजे ३२ मधले २२. मंजुरीला ५१ टक्के, म्हणजे १७. सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा प्रतिनिधी समोर असतो आणि चित्रीकरण होतं. म्हणून जे बोलायचं ते जिन्यात नको, सभेत बोला. कॅमेऱ्यासमोर "फाइल अडणार नाही" हे वाक्य अध्यक्ष पुन्हा म्हणतात का बघा!

सी-१ चं वेगळं धरा. पाहणीचा अहवाल लेखी मागा. दोन ऑडिट जुळत नसतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, टॅककडे नेता येतं. तोंडी सी-१ असं काही नसतं. मात्र स्लॅब खरंच पडतोय, तेव्हा टेकू लावायचं काम त्यासाठी थांबवू नका.

नगरसेवकांच्या पत्रासाठी आजच माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांत, एकाच विषयाचा. उत्तराला ३० दिवस असतात, सभा त्याआधी होईल हे कबूल. पण सभेत अर्जाची पोच वाचून दाखवली तरी फरक पडतो. नातं कुणी नाकारत नाही, मग नुसत्या नात्यावर भांडून काय मिळणार? कागद कुणी हलवला ते दाखवावं लागतं. मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना पुण्यात प्राथमिक शाळेसाठी आरक्षित असलेल्या भूखंडावर त्यांच्या जावयाची इमारत उभी राहिली. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला. त्यात मंत्रालयातली फाइल कशी फिरली, यावर मोठा भर होता. फाइल बोलली म्हणून ते टिकलं. आणि वेळ किती लागला तेही मोजा, म्हणजे कोर्टाच्या भरवशावर १७ सह्या होऊ देणार नाही तुम्ही.

जमलं तर नगरसेवकांचं निवडणुकीचं प्रतिज्ञापत्रही काढा. त्यात पती-पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता असते, मेव्हण्याची नसते. पण कुणाला कर्ज किंवा उसने पैसे दिलेत का, हा रकाना बघा.

शेवटचं, राग मानू नका. भाच्याची गोष्ट तुम्ही ओघात सांगून टाकलीत. सभेत ती दुसऱ्या कुणी काढली तर तुमचं सगळं बोलणं 'भाच्याला पगारवाढ नाही मिळाली म्हणून' या खात्यात जमा होईल. तुम्हीच आधी सांगा.

धागाकर्ता

राग नाही, पण दोन दिवस उत्तर देववलं नाही.

प्रतिज्ञापत्र काढलं. कर्जाच्या रकान्यात नगरसेवक आणि त्यांची पत्नी, दोघांच्याही नावापुढे 'निरंक'. म्हणजे तिथे काही नाही, आणि ते मी सभेतही तसंच सांगणार. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, पोच मिळाली. लेखी निवेदनाचा मसुदा ग्रुपवर टाकला. समितीतल्या सात जणांपैकी चौघांनी सही करून पाठवला, दोघांच्या निळ्या टिका दिसताहेत, अध्यक्षांचा फोन 'स्विच्ड ऑफ' येतोय.

भाच्याला सांगितलं की सभेत पहिलं वाक्य तुझ्यावर आहे. तो म्हणाला, मामा, मी तोवर दुसरीकडे बघतो. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, फोन उचलत नाहीये. सभा रविवारी दहाला आहे. पाहणी अहवालाच्या अर्जात नेमकं काय लिहायचं, कुणाकडे जुना नमुना असेल तर इथेच टाका.