पोळी सोडून भाकरी, साखर सोडून गूळ. तरी वजन का हलेना?

शेवंती
घरी आम्हा दोघांचा वजन उतरवायचा बेत चालू आहे. दुपारच्या तीन पोळ्यांच्या जागी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, रात्री भाताऐवजी एक भाकरी, चहात आणि आमटीत साखरेऐवजी गूळ, नाश्त्याला पोहे. तळण बंद आहे. महिना उलटून गेला तरी काटा जागचा हलत नाही. यजमानांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत, मला नाहीत. अंडी चालतात, मांस-मासे नाहीत. आता आणखी काय काढू?

मीठभाकर
शेवंतीताई, काढण्याआधी एकदा मोजून बघा. पंधरा दिवसांपुरता स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ओट्यावर ठेवा आणि पीठ मळण्याआधी वजन करा.

गव्हाचे पीठ घ्या नाहीतर ज्वारीचे, १०० ग्रॅममध्ये कर्बोदके साधारण ७०च. फरक पडतो तो पिठाच्या मापात. घडीच्या पोळीला ३५ ग्रॅम कणीक लागते, तर थापलेल्या भाकरीला सहज ६५ ग्रॅम पीठ जाते. म्हणजे तीन पोळ्यांत ७३ ग्रॅम कर्बोदके होती आणि दोन भाकऱ्यांत ९१ झाली. भाकरीत तेल नाही, तंतू जास्त, पोटाला आधार चांगला, हे सगळे खरे. पण कर्बोदके तुम्ही वाढवलीत.

गुळाचेही तसेच. १०० ग्रॅम गुळात साखरेपेक्षा थोड्याच कमी कॅलरी असतात. दिवसाला तीन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे धरले तर ३० ग्रॅम गूळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम म्हटले आहे, आणि त्या मापात गूळ व मधही धरायचा असतो. तुमचा चहाच ते माप ओलांडतो. आमटीतल्या सुपारीएवढ्या गुळाला मात्र हात लावू नका. चार माणसांत तो वाटला जातो, त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

७५ ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे आणखी ५७. रात्रीची भाकरी आणि चहाचा गूळ धरून दिवसाचा कर्बोदकांचा आकडा सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात जातो. १३० च्या आत आणलात तरी पुष्कळ. ५० च्या खालचे कीटो तुमच्या घरच्या जेवणात टिकणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

मी ताट असे लावेन. सकाळी ५० ग्रॅम मुगाची दोन धिरडी. दुपारी ५० ग्रॅम पिठाची एकच भाकरी, ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दोन वाट्या भाजी (बटाटा, रताळे, सुरण सोडून काहीही) आणि ताक. रात्री एक फुलका, १०० ग्रॅम पनीर किंवा दोन-तीन अंडी, भाजी, काकडीची कोशिंबीर. हे १३० च्या आतबाहेर बसते. भाकरी कमी केली आणि तिच्या जागी उसळ-भाजी वाढवली नाही, तर चार वाजता भूक लागते आणि बिस्किटांचा पुडा उघडतो. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

चहाची साखर किंवा गूळ एकदम तोडू नका. आधी पातेल्यात घालणे थांबवा, ज्याने त्याने आपल्या कपात घालावी. मग दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. चमचा सपाट हवा. शिगोशीग भरला तर ७ ग्रॅमपर्यंत जातो.

पाटावरवंटा
धिरड्यांबद्दल थोडे, कारण तांदूळ न घालता केली की ती तव्याला चिकटतात आणि लोक दुसऱ्या दिवशी पोह्यांवर परततात. अख्खे मूग सहा-आठ तास भिजवा. आले, मिरची, जिरे घालून अगदी कमी पाण्यात बारीक वाटा. रवाळ राहिले तर उलटताना तुटतात. पीठ इडलीच्या पिठाइतके दाट हवे. सैल झालेच तर एक चमचा बेसन. बिडाचा तवा चांगला तापवा, पाण्याचा शिंतोडा मारा, मग आच मंद करून पीठ पसरा. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथने लावू नका.

५० ग्रॅमची भाकरी पातळ थापावी लागते, म्हणून पीठ ताजे पाहिजे. विरी (चिकटपणा) गेलेले पीठ कडेला फाटते आणि मग हात आपोआप जाड भाकरीकडे वळतो. पीठ जुने असेल तर कढत पाण्यात उकड काढून मळा.

दाण्याचे कूटही मोजा. कर्बोदके कमी म्हणून सैल हाताने घातले जाते, पण १० ग्रॅमला ५७ कॅलरी आहेत.

गोदाकाठ
यजमानांच्या ताटाला हात लावण्याआधी त्यांच्या गोळ्यांची नावे बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके निम्मी केली तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते: हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा, त्रास झाल्यावर नाही. नुसत्या मेटफॉर्मिनला हा धोका फार कमी.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर जास्तच जपा. या औषधांवर फार कमी कर्बोदके घेतली किंवा लांबलचक उपास केले तर रक्तात आम्ल साचू शकते, आणि त्या वेळी साखरेचा आकडा जवळपास ठीकही दिसू शकतो. मळमळ, उलट्या, धाप लागली तर ग्लुकोमीटरवर विसंबू नका, थेट रुग्णालय गाठा. रक्तदाबाची गोळी असेल तर उठताना चक्कर येते का तेही पाहा, कारण कर्बोदके घटली की शरीरातले मीठ आणि पाणी लघवीवाटे जास्त जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत.

शेवंती
ग्लिमेपिराइड आहे, आधी डॉक्टरांना विचारते. चतुर्थी-एकादशीला काय करू? आणि काटा रोज बघायचा का?

मीठभाकर
बघायचा तर रोज सकाळी पोट साफ झाल्यावर बघा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीशी करा. शरीर कर्बोदके ग्लायकोजेन म्हणून साठवते, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. म्हणून पहिल्या आठवड्यात एक-दीड किलो झटक्यात उतरते, ते बरेचसे पाणीच, आणि एका लग्नाच्या जेवणाने परतही येते. बेंबीच्या रेषेत कमर मोजून ठेवा.

उपासाला साबुदाणा नको. ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ६५ ग्रॅम कर्बोदके, प्रथिने जवळजवळ नाहीतच, वर बटाटा. वरीचा भातही साध्या भाताच्या फार मागे नाही. राजगिऱ्याचे एक छोटे थालीपीठ, दाण्याची आमटी, दही, काकडी असा उपास ठेवा. फळ हवे तर पेरू किंवा पपई. चिकू-केळ्यात साखर जास्त. रस तर कुठलाच नको, उसाच्या एका पेल्यात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. यजमानांचा उपास मात्र डॉक्टरांनी डोस ठरवून देईपर्यंत थांबवा.