मोरेटोरियमच्या काळात बँकांवरचा अंकुश सैल झाला होता का?

वाणिज्य_विद्यार्थी:
कोरोनाच्या साथीत रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी मुदत कर्जांचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा (मोरेटोरियम) दिली आणि २२ मे रोजी ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्या काळात हप्ता न भरलेली खाती एनपीए, म्हणजे थकीत (अनुत्पादक) कर्जे, धरली गेली नाहीत. नियामकानेच बँकांना थकबाकी झाकण्याची सोय करून दिली, असे म्हणावे का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

ताळेबंद:
नव्वद दिवसांहून अधिक थकलेले खाते एनपीए धरायचे, हा नियम कायम होता, फक्त दिवसांची मोजणी थांबवली होती. समजा, २९ फेब्रुवारीला खाते ६० दिवस थकलेले होते आणि कर्जदाराने सवलत घेतली, तर १ सप्टेंबरपासून मोजणी साठच्या पुढे सुरू होणार होती. शिवाय अशा आधीच थकलेल्या, पण सवलतीमुळे एनपीए न झालेल्या खात्यांवर बँकांनी दोन तिमाहींत मिळून किमान १० टक्के तरतूद करावी (संभाव्य तोट्यासाठी रक्कम बाजूला ठेवावी), असे १७ एप्रिलच्या परिपत्रकाने बजावले. त्याच दिवशी २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश वाटण्यासही मनाई झाली, म्हणजे धक्का सोसण्यासाठी पैसा बँकेतच राहिला.

जुना_शाखाधिकारी:
आपले म्हणणे ऑगस्टअखेरपर्यंत लागू पडते. पुढे ३ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, ३१ ऑगस्टपर्यंत एनपीए नसलेली खाती पुढील आदेशापर्यंत एनपीए ठरवू नयेत, आणि तो थेट २३ मार्च २०२१ च्या निकालानेच उठला. परिणामी तिमाही निकालांत एक जाहीर एनपीए आणि दुसरा, आदेश नसता तर जो झाला असता तो ‘प्रोफॉर्मा’ एनपीए, असे दोन आकडे येऊ लागले. बँकेची प्रकृती जोखायची तर तो दुसरा आकडा पाहावा लागे आणि तो बहुधा तळटिपेत असे. सामान्य ठेवीदार तळटिपा कशाला वाचतो!

वाणिज्य_विद्यार्थी:
धन्यवाद. मग त्या सहा महिन्यांचे व्याज माफ झाले, असे लोक म्हणतात ते कशावरून?

ताळेबंद:
व्याजावरचे व्याज तेवढे माफ झाले. समजा, ३० लाखांचे कर्ज ८ टक्के दराने आहे. सहा महिन्यांचे सरळ व्याज १,२०,००० रुपये होते, तर दरमहा चक्रवाढीने सुमारे १,२२,०००. सरकारने ऑक्टोबरमध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी हा दोन हजारांच्या आसपासचा फरक देऊ केला आणि मार्चच्या निकालाने रकमेची ती मर्यादाही काढली. उरलेले एक लाख वीस हजार कर्जदाराच्याच माथी राहिले.

जुना_शाखाधिकारी:
मूळ प्रश्नाबाबत एक भर घालतो. पीएमसी या सहकारी बँकेचे ठेवीदार पैसे काढण्यावरच्या निर्बंधांमुळे अडकून पडलेले असताना, याच साथीच्या काळात, जून २०२० मध्ये अध्यादेश काढून नागरी सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवण्यात आले. त्यामुळे आमच्यासारख्या सहकारी बँकवाल्यांना तरी ते वर्ष सैल अंकुशाचे वाटले नाही.